पहिली पसंती : बेट

३ फेब्रुवारी, दुपार
सर्क्युलर आलं. कंपनी आमच्या गावात नवा बेस उघडतेय. आमच्या म्हणजे माझ्या घरच्या. जिथे बायको आणि लेक राहतात, वरच्या मजल्यावर सासरे राहतात आणि मी महिन्यातून सहा दिवस पाहुण्यासारखा जाऊन येतो. पायलटने कुठे राहायचं हे त्याचा बेस ठरवतो. ड्यूटी तिथून सुरू, तिथेच खतम. माझा बेस घरापासून दोन तासांच्या फ्लाइटवर. त्यामुळे गेली नऊ वर्षं मी विमानतळामागच्या दोन खोल्यांत एका सहकाऱ्याबरोबर राहतो आणि स्वतःचे शर्ट स्वतः इस्त्री करतो. हे आता संपलं.

को-पायलटच्या आठ जागा. पोर्टलवर पसंतीक्रम भरायचा, सीनियॉरिटीप्रमाणे वाटप होणार. माझा नंबर १८७. चांगला नंबर आहे. मी कायम म्हणत आलोय.

घरी फोन केला. मी येतोय म्हणून सांगितलं. बायकोने विचारलं, किती दिवस. म्हटलं, कायमचा. तिने कुणाला तरी पाय सरळ ठेवायला सांगितलं. मग म्हणाली की पेशंटचा गुडघा हातात आहे, नंतर बोलू. (ती फिजिओथेरपिस्ट आहे.) गहिवरली असणार.

लेकीला सांगितलं की एप्रिलपासून शाळेत सोडायला मी. ती नऊ वर्षांची आहे. तिने विचारलं, हे ठरलंय की तू ठरवलंयस. हल्लीच्या मुलांना भाषा फार लवकर येते.

ठराव : उद्यापासून सकाळी व्यायाम. सर्क्युलरसोबतची बेचाळीस पानांची नियमावली अथपासून इतिपर्यंत वाचणे.

४ फेब्रुवारी
व्यायाम नाही. परवा फ्लाइट आहे. पायलटची विश्रांती ही प्रवाशांच्या सुरक्षेची बाब आहे.

नियमावलीची चार पानं वाचली. मुद्दा लक्षात आला. मुख्य गोष्ट फ्रीझ. एकदा बेस बदलून मिळाला की तीन वर्षं हलायचं नाही, दुसरा मागायचा नाही. उत्तम नियम. धरसोड करणाऱ्यांना चाप बसतो. पुढची अडतीस पानं म्हणजे परिशिष्टं. परिशिष्टं कोणी वाचत नाही.

चेकलिस्ट वाचतो. चेकलिस्ट म्हणजे माझा रूममेट. नवी बादली आणली तरी आधी तिच्यावरचं लेबल वाचणार, म्हणून हे नाव. त्याने काल रात्रीत बेचाळीस पानं वाचली, सकाळी चार मिनिटांत अर्ज भरला. एकच पसंती : आमचं गाव. त्याचा नंबर १८९. मी त्याला प्रेमाने समजावलं की बाबा रे, माझ्या मागे आहेस, फार आशा ठेवू नकोस. तो बरं म्हणाला आणि भांडी घासायला गेला.

मीही अर्ज भरला. पहिली पसंती घर.

७ फेब्रुवारी
पोर्टलवर सगळ्यांचे अर्ज सगळ्यांना दिसतात. मुदत संपेपर्यंत कितीही वेळा बदलता येतात. आमच्या गावाच्या यादीत मी अकरावा. जागा आठ.

ही तांत्रिक अडचण आहे. तांत्रिक अडचणींवर मार्ग असतो. माझ्या व्यवसायाचा पायाच तो.

९ फेब्रुवारी, घरी
सासरे गणिताचे मास्तर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण कागद दिसला की पेन्सिल आपोआप हातात येते. मी यादी आणि नियमावली जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि आंघोळीला गेलो. बाहेर आलो तोवर त्यांनी दोन्ही वाचून काढलं होतं.

म्हणाले, जावईबापू, तुम्ही आता काहीच करू नका. तुमच्या पुढच्या दहांपैकी तिघांनी दोन वर्षांच्या आत मोठ्या विमानाचा कोर्स केलाय. परिशिष्ट दोनप्रमाणे ते फ्रीझमध्ये आहेत. नावं आज दिसतायत, वाटपाच्या वेळी काट मारतील. अकरातून तीन गेले. त्यांनी आठ लिहिले आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मी नम्रपणे आभार मानले. वर्गातलं गणित वेगळं. कंपनी स्वतःच्या पोर्टलवर अकरा नावं लावते आणि त्यातली तीन नुसती शोभेची, हे बुद्धीला पटत नाही. पडताळून पाहता आलं असतं, पण सुट्टीचा दिवस होता.

नंतर बायकोने कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं की तुला घरी यायचंय की बेस जिंकायचाय. म्हटलं, एकच आहे ते. ती म्हणाली, एकच असतं तर बाबांचं ऐकून शांत बसला असतास.

दिवसभर क्लिनिकमध्ये उभी असते. दमते बिचारी.

१२ फेब्रुवारी
मोहीम सुरू. क्रू रूममध्ये कॉफीच्या मशीनजवळ दहा मिनिटं उभं राहिलं की शंभर माणसांपर्यंत आवाज पोचतो. आज सहज बोलता बोलता सांगितलं की आमच्या गावाचं पाणी जड आहे, वर्षभरात डोक्यावरचे निम्मे केस जातात. रनवेवर वारा कायम आडवा. घरमालक पायलटला खोली द्यायला का कू करतात. यात खोटं असं काही नाही. वारा अधूनमधून आडवा असतोच.

पुढच्या दहांपैकी तिघं तरी गळतील असा अंदाज.

१५ फेब्रुवारी
कोणी गळलं नाही. यादीतल्या एकाने टोपी काढून दाखवली आणि म्हणाला की त्याला आता पाण्याची भीती उरलेली नाही.

संध्याकाळी बायकोचा फोन. तिच्याकडे खांद्याच्या उपचाराला येणाऱ्या बाईंनी विचारलं की इथलं पाणी खरंच वाईट आहे का, त्यांच्या भावाची इथे बदली होणार आहे. बायकोने विचारलं, कोण म्हणालं. त्या म्हणाल्या, तुमचेच मिस्टर.

मी माहितीच्या प्रसाराबद्दल काही सांगणार होतो. तिने फोन ठेवला होता.

१७ फेब्रुवारी
सुचलं. इतकं सोपं होतं की आधी का सुचलं नाही याचंच नवल.

पोर्टलवर आणखी एक बेस आहे. दूरचं एक बेट. जागा दोन, अर्ज शून्य. वारा इतका की माणसं एकमेकांशी ओरडून बोलतात म्हणे. तर हे बेट मी पहिली पसंती म्हणून टाकायचं. घर दुसरी.

हे झेरॉक्ससाठी आहे. झेरॉक्स माझ्या एकच पायरी पुढे, यादीत दहावा. मी बॅग घेतली, त्याने तीच घेतली. मी घड्याळ घेतलं, त्याने घेतलं. सिम्युलेटरच्या परीक्षेत मी एक चूक केली होती, पुढच्या आठवड्यात त्याने तीच केली. मी बेट मागितलं की तो मागणारच. शिवाय मी क्रू रूममध्ये एवढंच सोडून दिलंय की बेटावर गेलेल्याला वर्षभरात कॅप्टन करणार आहेत, असं ऐकलं.

मुदत २८ तारखेला संपते. शेवटच्या पंधरा मिनिटांत मी बेट काढून घर वर घेणार. त्याला परत फिरायला वेळच मिळणार नाही.

चेकलिस्टला योजना सांगितली. तो म्हणाला, आयत्या वेळी बदलता नाही आलं तर. म्हटलं, मी आडव्या वाऱ्यात विमान उतरवतो, मला एक फॉर्म बदलता येणार नाही का. त्याला मुदतीच्या वेळेबद्दलही काहीतरी सांगायचं होतं. पण गीझर तापला होता, मी आंघोळीला गेलो.

२० फेब्रुवारी
झेरॉक्सने बेट टाकलं. पहिली पसंती.

मी दहावा.

२३ फेब्रुवारी
आणखी दोघांनी बेट टाकलं. लिफ्टमध्ये एका अनोळखी कॅप्टननी मला बाजूला घेऊन सांगितलं की बेटावर जा, वर्षभरात कॅप्टन होशील, आतली बातमी आहे. बातमी माझीच. पण तिसऱ्या माणसाकडून परत आली म्हणजे तिच्यात काही तथ्य असू शकेल. खोलीवर येऊन बेटाचे फोटो पाहिले. एक झाड आहे. ते झुकलेलं आहे.

मी आठवा. आठ जागांत आठवा. सासऱ्यांना मुद्दाम फोन करून सांगितलं, टोमणा म्हणून नाही. ते म्हणाले, तुम्ही आधीपासून आठवेच होतात. वय झालं त्यांचं.

व्यायामाचं : नव्या बेसवर गेल्यावर सुरू करणे जास्त शास्त्रीय ठरेल. मध्ये खंड पडणार नाही.

२७ फेब्रुवारी
मुदत उद्या १२:००. सामान्य माणूस इथेच चकला असता. विमानक्षेत्र यूटीसीवर चालतं, म्हणजे साऱ्या जगाच्या पायलटांची एकच वेळ. फ्लाइट प्लॅन यूटीसीत, हवामान यूटीसीत. यूटीसी आपल्या साडेपाच तास मागे. म्हणजे मुदत आपल्या संध्याकाळी साडेपाचपर्यंत. मी सव्वापाचला बदल करणार.

उद्या मला सुट्टी, चेकलिस्टला फ्लाइट. सगळं जुळून आलंय.

लेकीला सांगून टाकलं की शाळेच्या रस्त्यावर पार्किंग कुठे मिळतं ते बघून ठेव.

२८ फेब्रुवारी, सकाळी ११:४०
मन शांत. पाच शर्ट इस्त्री केले. चेकलिस्टने विमानतळावरून दोनदा फोन केला, उचलला नाही. दूध आणायला सांगत असणार. एकाग्रता महत्त्वाची.

संध्याकाळी ५:१५
पोर्टल बंद आहे.

संध्याकाळी ५:२८
रोस्टरबाईंना फोन केला. आम्हा सगळ्यांच्या ड्यूट्या त्याच लावतात. त्यांना म्हटलं, पोर्टलमध्ये बिघाड आहे. त्या म्हणाल्या, बिघाड नाही, बारा वाजता मुदत संपली. म्हटलं, बारा यूटीसी. त्या म्हणाल्या, परिशिष्ट तीन, मुद्दा अकरा : सर्व वेळा मुख्य कार्यालयाच्या. कार्यालय याच शहरात आहे आणि आम्ही जेवायलाही याच शहराच्या वेळेने बसतो.

विचारलं, बेट मागणारे बाकीचे तिघं. म्हणाल्या, तिघांनीही साडेअकराला बदलून आपापलं जुनं केलं. झेरॉक्सने सकाळी फोन करून वेळ विचारून घेतली होती.

मला फोन करून वेळ विचारायचं सुचलं नव्हतं. हे कॉपी करण्यासारखं होतं.

रात्र
चेकलिस्ट आला. मुदतीच्या वेळेचंच सांगायला त्याने फोन केले होते. चहा केला. दूध त्यानेच आणलं होतं.

४ मार्च
निकाल. ‘अभिनंदन. आपल्याला आपली पहिली पसंती मिळाली आहे.’

आमच्या गावाच्या यादीतल्या तिघांना फ्रीझमुळे काट बसली. मोठ्या विमानाच्या कोर्सवाले. आठव्या जागेवर नंबर १८९.

मी पहिल्या दिवशी अर्ज भरून नुसता झोपून राहिलो असतो तरी चाललं असतं. व्यायाम न करणं एवढंच पुरलं असतं.

घरी सांगितलं. लेकीने नकाशात बेट शोधलं. तिला ते छपाईतला डाग वाटलं. सासरे फोनवर आले आणि मी तयारीत होतो, पण ते फक्त हवा कशी असते तिकडे एवढंच विचारून गेले. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

बायकोने फोन ठेवला.

६ मार्च
मुख्य पायलटना चार पानी विनंती अर्ज पाठवला. यूटीसीचा इतिहास, कुटुंबसंस्था, मानसिक स्वास्थ्य.

९ मार्च
दोन ओळींचं उत्तर. फ्रीझ तीन वर्षं. आपल्या पहिल्या पसंतीचा आदर करण्यात कंपनीला आनंद आहे.

१२ मार्च
आज वेगळंच घडलं. जेवण झाल्यावर चेकलिस्टने माझ्यासमोर एक फॉर्म ठेवला. पान एकतीसवर नियम आहे : निकालापासून पंधरा दिवसांत दोन को-पायलट आपसांत बेस बदलू शकतात. दोघांच्या सह्या लागतात. त्याने त्याची केली होती. कुठे सही करायची तिथे माझ्यासाठी पेन्सिलने फुलीही मारली होती.

मी पेन शोधू लागलो. शोधता शोधता विचारलं, तू आमचं गाव मागितलंस तरी का. तिथे तुझं कोण आहे.

तो म्हणाला, बायको. तिथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. लग्न झाल्यापासून ती तिथे आणि मी इथे. मे महिन्यात बाळ व्हायचंय.

म्हटलं, हे तू कधी बोलला नाहीस. तो म्हणाला, दोनदा बोललो. एकदा तू इस्त्री करत होतास, एकदा यादी मोजत होतास. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. नोंद वाचून दाखवावी तसं बोलला.

विचारलं, मग सही का केलीस. त्याने जरा विचार केला. म्हणाला, तुझी लेक नऊ वर्षं वाट बघतेय, माझं बाळ अजून वाट बघायला लागलेलं नाही.

पेन सापडत नाहीये असं सांगून मी झोपायला गेलो. पेन खिशाला होतं.

१३ मार्च
फॉर्म टेबलावर आहे.

१५ मार्च
फॉर्म टेबलावर आहे. बेटाचा शांतपणे विचार केला. एक, तिथे वर्षभरात कॅप्टन करतात, असं खात्रीलायकरीत्या कळलंय. दोन, हवा स्वच्छ. तीन असं काही नाही.

लेकीचा आवाज फोनवर मोठा झाल्यासारखा वाटतो. की मी लक्ष देऊन ऐकतोय म्हणून.

१९ मार्च
मुदत दुपारी बारा वाजता संपली. इथल्या बारा वाजता. या वेळी खात्री करून घेतली होती.

फॉर्म भरायचा राहून गेला. नोंद असावी : विसरलो. चेकलिस्टलाही तेच सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, फॉर्मकडे बघितलं, मग माझे सगळे शर्ट उचलून इस्त्री करायला घेतले. त्याला कॉलर जमत नाही. मी त्याला करू दिलं.

बायकोला फोन केला. सांगितलं की अदलाबदलीचा एक मार्ग होता, विसरलो. ती म्हणाली की चेकलिस्टची बायको पाठदुखीसाठी तिच्याकडेच येते, तिच्याकडून सगळं कळलंय. तू कोणाला काही पटवायला गेलास की बिघडतं, आणि खोटं तर तुला मुळीच जमत नाही, असंही म्हणाली.

मग विचारलं, वाऱ्याचं जाड जॅकेट आहे का तुझ्याकडे. नाही म्हटलं. ती म्हणाली, आणते.

महिन्यात पहिल्यांदा फोन तिने आधी ठेवला नाही. मीही ठेवला नाही. दोन मिनिटं कोणीच बोललं नाही. चांगलं झालं बोलणं.

२ एप्रिल, बेट
वारा आहे.

विमानतळ म्हणजे एक हॉल, एक काउंटर, एक वजनकाटा. क्रू रूम म्हणजे काउंटरमागचा दरवाजा. राहायची खोली वरच. खिडकीच्या फटीत घडी घालून कागद लावलाय, नियमावलीचाच. अडतीस पानं कामी आली.

दुसरी जागा रिकामीच राहिली, त्यामुळे बेसवर को-पायलट मी एकटा. वर्षभरात कॅप्टन होण्याबद्दल इथल्या कॅप्टनना विचारलं. हसले आणि म्हणाले, ही अफवा कुठून आली कोण जाणे, त्यांच्यापर्यंतही पोचली होती.

व्यायाम : विमानापर्यंत वाऱ्याच्या उलट दिशेने चालणे हा व्यायामच धरावा.

९ एप्रिल
आज एक गोष्ट ध्यानात आली आणि खुर्चीवरून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

महिन्याच्या सुट्ट्यांचं वाटपही सीनियॉरिटीवर होतं. त्या त्या बेसच्या सीनियॉरिटीवर. या बेसवर पहिला नंबर माझा. दुसरा नंबर कोणाचाच नाही. नोकरीत सोळा वर्षं काढली, पहिल्या नंबरावर प्रथमच बसलो.

रविवारी इथून सकाळी विमान सुटतं, दुपारच्या आत आमच्या गावी. त्यातून मी प्रवासी म्हणून जायचं. परतीचं सोमवारी पहाटे. लेकीची शाळा बंद, बायकोचं क्लिनिक बंद. मे महिन्याचे सगळे रविवार सुट्टी मागितले. या वेळी काही लपवलं नाही, कोणाला सांगितलं नाही, काही फिरवलं नाही. सरळ फॉर्म भरला. परिशिष्टासकट वाचून.

१६ एप्रिल
मंजूर. सगळे रविवार. रोस्टरबाईंनी स्वतः फोन करून सांगितलं की इतका साधा अर्ज बऱ्याच दिवसांनी आला.

लेकीला ईमेल जसाच्या तसा पाठवला. तिने उत्तरात फक्त विचारलं, नाश्त्याला काय करू. सासरे म्हणाले, या वेळी गणित बरोबर दिसतंय.

३ मे
चेकलिस्टला मुलगी झाली. फोटो पाठवलाय. झोपलेली आहे. त्याने वजन, उंची आणि जन्माची वेळ कळवली आहे, वेळेपुढे ‘स्थानिक’ असं लिहून.

बॅग भरून झाली. उद्या घरी. सव्वासातचं विमान.

४ मे, रविवार, सकाळी ७:४०
सहालाच खाली उतरलो. घरचा शर्ट, कॉलर स्वतः केलेली. हॉलमध्ये कोणी नव्हतं. काउंटरवरच्या बाई खुर्चीत बसून विणकाम करत होत्या. त्यांना म्हटलं, आज मी प्रवासी. त्या म्हणाल्या, आज विमान नाही.

विचारलं, वारा का. म्हणाल्या, वारा तर रोजचाच. या महिन्यात रविवारचं विमानच रद्द केलंय. चारही आठवडे.

विचारलं, कारण काय. त्यांनी चष्मा लावला, स्क्रीन पाहिली आणि म्हणाल्या, को-पायलट सुट्टीवर आहे.

म्हटलं, कोण को-पायलट.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बॅगेकडे बघितलं. मग फार हळू आवाजात विचारलं की नाव वाचून दाखवू का.

नको म्हटलं.